टायफॉइडच्या नोंदी कल्चरवर हव्यात

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीचा ताप आठवडाभर उतरत नव्हता. एका खासगी दवाखान्यात टायफॉइडसाठीची विडाल ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, त्याच संध्याकाळी सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झाले आणि रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचे राहूनच गेले. मुलगी बरी झाली, पण तिला साल्मोनेला टायफी या टायफॉइडच्या जंतूचाच संसर्ग होता का, हे आता कधीच कळणार नाही.

जुन्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. कल्चरमध्ये मात्र प्रत्यक्ष जंतू हाती लागतो, तो कोणत्या औषधांना दाद देतो हे तपासता येते आणि निरनिराळ्या वस्त्यांतले रुग्ण एकाच उगमाचे आहेत का, हेही ताडून पाहता येते. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेला, बहुतेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड अशा तपासणीमुळेच ओळखता आला.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढल्यावर विहिरी आणि टँकरचे पाणी तपासण्याची धावपळ आपण पाहिली. ती वेळ येण्याआधीच, खासगी प्रयोगशाळांत सापडणाऱ्या प्रत्येक साल्मोनेलाची माहिती महापालिकेकडे जावी आणि ती जलवाहिन्यांच्या नकाशाशी जुळवून पाहिली जावी. अँटिबायोटिक देण्यापूर्वी रक्त घेण्याचा आग्रह डॉक्टरांनी धरावा. कल्चरचा खर्च ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी तो महापालिकेने उचलावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, धायरी, पुणे