लायनफिशला गोल्डफिश नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियमवरचा लेख वाचला. मीठ किती, फिल्टर कोणता, दिवे कसले, सगळे नीट दिले होते. पण शिकारी माशांच्या खाण्याची बोळवण एका वाक्यात केली होती: लायनफिशला ‘रोज दोन-तीन जिवंत गोल्डफिश सोडावेत’. दुकानातही हाच सल्ला मिळतो, आणि लायनफिश, हेकरू जातीचे ग्रुपर, मोरे ईल, फ्रॉगफिश यांचे घरातले आयुष्य याच सल्ल्याने कमी होते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मासा मेला की पाळणारा आधी पाणी तपासतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश. सगळे जागेवर. मग दोष नशिबाला. पोटात काय काय गेले याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण मासा परवापर्यंत तुटून पडून खात होता आणि अंगाने चांगला भरला होता. शिकारी समुद्री माशात हे अंगाने भरणेच पुष्कळदा दुखण्याची पहिली खूण असते.

गोल्डफिशमध्ये दोन खोट आहेत. पहिली चरबीची. समुद्रातल्या शिकारी माशांना ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत. ती भक्ष्यातून तयारच मिळावी लागतात. समुद्रातल्या लहान माशांत, कोळंबीत ती भरपूर असतात. गोड्या पाण्यातल्या, कोंड्यावर वाढवलेल्या आणि दुकानाच्या टाकीत आठवडाभर उपाशी ठेवलेल्या फीडर (म्हणजे खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या) गोल्डफिशमध्ये ती नावालाच. चरबी मिळते, पण चुकीची, आणि ती यकृतात साठत जाते.

दुसरी खोट थायमिनेजची. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला. या कुळातल्या अनेक माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकते. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थाच्या फार्मवरच्या कोल्ह्यांना लकवा होऊ लागला, तो कच्चा कार्प खाऊन. त्या रोगाला आजही चॅस्टेकचा लकवा म्हणतात. टँकमध्ये तेच घडते, फक्त बिनआवाजात. आधी भूक मंदावते. मग लायनफिश भक्ष्यावर झेप घेतो आणि नेम चुकतो. त्यानंतर तोल जाणे, गिरकी घेणे, दिवा लावताच दचकून काचेवर आदळणे. इथवर आले की लोक ‘व्हायरस’ म्हणतात आणि औषधांच्या बाटल्या ओततात.

विकर शिजवल्याने नष्ट होते, गोठवल्याने होत नाही. फ्रीझरमध्येही त्याचे काम सावकाश चालू राहते. त्यामुळे ‘जिवंत नको तर गोठवलेला गोल्डफिश देतो’ ही पळवाट चालत नाही. तिसऱ्यांसारख्या अनेक शिंपल्यांतही थायमिनेज असते. अधूनमधून द्यायला हरकत नाही, रोजचे जेवण म्हणून नको.

यकृताचे म्हणाल तर ते एकदा डोळ्यांनी पाहावे. मासा मेल्यावर दोनेक तासांत, बर्फावर ठेवून, पोट उघडावे. लायनफिश असेल तर आधी काटे कात्रीने छाटावेत, मेलेल्या माशाच्या काट्यातही विष राहते. निरोगी यकृत गडद तांबूस-तपकिरी आणि कडेने धारदार असते. चरबी चढलेले यकृत फिकट, साईसारखे पिवळट, कडा गोल झालेल्या, आणि बोटाला तुपकट लागते. त्याचा मटाराएवढा तुकडा ग्लासभर पाण्यात टाकला की तरंगतो. भोवती आतड्यांना पांढऱ्या चरबीचे झुपके लटकलेले असतात. (शार्कवर ही परीक्षा लावू नये, शार्कचे यकृत मुळातच तेलकट आणि मोठे असते.)

यात रोज खायला घालण्याचा वाटा गोल्डफिशइतकाच आहे. लायनफिशचे पोट एका जेवणात मूळ आकाराच्या तीसपट फुगू शकते आणि तो कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. समुद्रात आज मिळाले, चार दिवस नाही, असा हा जीव. टँकमध्ये माणूस दिसला की काचेशी येऊन तोंड उघडतो, आणि आपल्याला वाटते भुकेलाय. तो भुकेला नसतो, तो लायनफिश असतो. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा पुरे. वीस सेंटिमीटरच्या माशाला एका वेळी चार-पाच ग्रॅम. ग्रुपरलाही साधारण हेच वेळापत्रक, मोठ्या मोरे ईलला आठवड्यातून एक-दोनदा. पिल्लांना मात्र एक दिवसाआड किंवा रोज, थोडे थोडे. जेवणानंतर पोट किंचित गोल दिसावे आणि दोन दिवसांत पुन्हा सपाट व्हावे. तीन दिवसांनीही गोलाई तशीच असेल तर ते जेवण नाही, ती चरबी आहे.

घास किती मोठा, हेही बघावे लागते. दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड तुकडा नको. फ्रॉगफिश स्वतःएवढा मासा गिळतो खरा, पण पचायच्या आत तो पोटात सडतो, वायू धरतो आणि फ्रॉगफिश उलटा तरंगू लागतो.

चिकन, चिकनची कलेजी, बीफ हार्ट हेही शिकारी माशांना घातले जाते, ‘प्रोटीन’ म्हणून. उष्ण रक्ताच्या प्राण्यांची चरबी २६ अंशांच्या पाण्यात राहणाऱ्या माशाच्या शरीरात नीट पचत, वापरली जात नाही. ती कुठे जाते ते वर लिहिलेच आहे.

मग द्यायचे काय? आपल्याकडे, निदान कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत, हा प्रश्न पडायलाच नको. मासळी बाजारातून ताजी, मीठ न लावलेली कोळंबी, माकूल, मुडदुशीसारखी कमी तेलाची मासळी, लहान चिंबोऱ्या आणाव्यात. कोळंबी सालासकट द्यावी, फक्त डोक्यावरचा करवतीसारखा काटा मोडून. माकुलाच्या आतले प्लास्टिकच्या पातीसारखे पाते आणि शाईची पिशवी काढावी. मासा लहान असेल तर अख्खा, आतड्यांसकट. अ जीवनसत्त्व यकृतात असते, कॅल्शियम हाडांत. साफ केलेली पांढरी तुकडी दिसायला छान, पण महिनोन्महिने तेवढेच घालणे म्हणजे माणसाला नुसत्या भातावर ठेवण्यासारखे आहे. तारली, बांगडा यांत ओमेगा-३ उत्तम, पण त्यांचे तेल घरच्या फ्रीझरमध्ये लवकर खवट होते आणि खवट तेल ई जीवनसत्त्व खाऊन टाकते. ते ताजेच द्यावेत, ठेवलेच तर महिन्याच्या आत संपवावेत. बोंबील आपल्याला कितीही प्रिय असला तरी त्याच्यात बहुतेक पाणीच, आणि टँकमध्ये विरघळून घाण करतो. सुका जवळा नको.

नेमका गोंधळ होतो तो पावसाळ्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बाजारात ताजी समुद्री मासळी मिळेनाशी झाली की मे महिन्यापर्यंत शहाणा असलेला माणूसही गोल्डफिशकडे वळतो. त्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात साठा करावा. एका माशाला आठवड्यातून तीनदा पाच ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम. नऊ आठवड्यांचे १३५ ग्रॅम. सालासकट पाव किलो कोळंबी आणि एक मध्यम माकूल आणले तरी उरेल. एकेका जेवणाची पुडी वेगळी, हवा काढून चपटी, वर तारीख. कमी तेलाची मासळी उणे १८ अंशांवर दोन-अडीच महिने चांगली राहते. पुडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आरओच्या पाण्यात सोडवावी, ते पाणी फेकून द्यावे, आणि उरलेले पुन्हा गोठवू नये.

गोठवलेल्या खाण्यात बी-१ घटते, त्याची भरपाई स्वस्तात होते. मासळीवर जगणाऱ्या प्राण्यांसाठी दर किलो मासळीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन घालण्याची पद्धत आहे. साध्या थायमिनची १०० मिलिग्रॅमची गोळी बारीक करून २० मिलिलिटर आरओ पाण्यात ढवळावी. ७५ची मिळाली तर १५ मिलिलिटर. एका मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम आले. म्हणजे दहा ग्रॅम खाण्याला ड्रॉपरचा एक थेंब. हा थेंब सुईने कोळंबीच्या अंगात टोचावा. वरून चोळला तर पाण्यात पडताच धुऊन जातो. टोचावा तोही खायला घालायच्या जरा आधी, पुडी बांधताना नव्हे. थोडे जास्त झाले तर बिघडत नाही, हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे. बाटली फ्रीजमध्ये, काळ्या कागदात गुंडाळून, आठवड्याला नवीन. अ आणि ई जीवनसत्त्वांसाठी समुद्री माशांचे मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा पुरे. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे अंगात साठतात, तिथे हात सैल सोडू नये.

मेलेले खायला शिकवणे हे खरे कष्टाचे काम. लायनफिश हालचालीवर झडप घालतो. तळाशी पडलेली कोळंबी त्याच्या लेखी दगड. सुरुवात जिवंत कोळंबीने किंवा मॉली या लहान माशाने करावी. मॉली सहा ते आठ तास थेंब थेंब खारे पाणी देत टँकच्या खारेपणावर आणता येते, आणि मग ती खाऱ्या पाण्यात जगते. गोल्डफिश काही मिनिटांत गळाठतो, हाही त्यातला एक फरक. सोडण्याआधी मॉलीला दोन दिवस समुद्री माशांचे पेलेट भरपूर खाऊ घालावे, तिच्या पोटातले शेवटी लायनफिशलाच मिळते. आठवड्याभराने तीन दिवस उपास, मग नुकतीच मारलेली कोळंबी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक काडीच्या टोकाला हलकी अडकवून पंपाच्या प्रवाहात, माशाच्या तोंडापासून वीतभर लांब, झटके देत हलवायची. तोंडावर नेऊन भिडवली तर तो मागे सरतो. पाच मिनिटांत घेतली नाही तर काढून टाकावी, परवा पुन्हा. निरोगी, भरल्या अंगाचा मासा दोन आठवडे हट्ट करतो आणि मग घेतो. बारीक झालेल्या माशावर मात्र हा प्रयोग करू नये. घेऊ लागला की माकुलाची लांबट पट्टी, मग मुडदुशी, असे प्रकार वाढवत जावे.

हात पाण्यात घालताना लायनफिश कुठे आहे ते पाहूनच घालावा. पाठीवर १३, पोटाखाली दोन आणि मागे तीन विषारी काटे असतात. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. बर्फ लावू नये.

आयोडीनचे दुखणे मुख्यतः बांबू शार्कसारख्या माशांत दिसते: गळ्याखाली, कल्ल्यांच्या मधोमध, गाठ. गलगंडच तो. पाणी न बदललेल्या टँकमध्ये नायट्रेट चढते आणि ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. पाणी शुद्ध करायला ओझोन वापरला तर पाण्यातले आयोडीन वापरता येणार नाही अशा रूपात जाते. त्यामुळे नुसते आयोडीनचे थेंब ओतून भागत नाही. पाणी बदलून नायट्रेट उतरवावे लागते आणि आयोडीन खाण्यातून, माशाच्या वजनाचा हिशेब करून, जाणकाराच्या सल्ल्याने द्यावे लागते. लायनफिशचा जबडा उघडाच राहिला तर आधी काचेवर आपटल्याची किंवा काटा रुतल्याची इजा तपासावी, मग खाण्याकडे वळावे.

चरबी चढलेला पण अजून खाणारा मासा हाती असेल तर औषध नाही. एकदम उपाशी न ठेवता महिनाभरात खाणे निम्म्यावर आणावे, तेलकट मासळी बंद, कोळंबी-माकूल चालू, वर लिहिलेले थायमिन प्रत्येक वेळी. तोल जाऊ लागलेल्या आणि तोंड न उघडणाऱ्या माशाला थायमिनचे इंजेक्शन लागते, ते माशांच्या डॉक्टरकडूनच. मेलाच तर फ्रीझरमध्ये टाकू नये, बर्फाने पेशी फाटतात. यकृताचा तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत किंवा रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात तपासणीबद्दल विचारावे.

१ जून तोंडावर आला आहे. तेव्हा पुढच्या रविवारी ‘रोज दोन-तीन जिवंत गोल्डफिश’ या वाक्याची दुरुस्ती छापावी, एवढी विनंती.

आपला,
खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारा एक वाचक, ठाणे