दात्याची ऐनवेळची माघार

डॉ. सुरेश अडवाणी यांच्या कारकिर्दीवरील लेख वाचला. १९८३ साली टाटा रुग्णालयात देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा गर) प्रत्यारोपण करणाऱ्या या डॉक्टरांवर लिहिताना दात्याचा विषय मात्र एका ओळीत उरकला आहे. खरी अडचण तिथेच आहे. सख्ख्या भावंडाशी एचएलए (दाता-रुग्ण जुळतात का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच; पुष्कळांची भिस्त दात्यांच्या नोंदणीतल्या परक्या दात्यावर असते. ठाणे, नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत दाता-नोंदणीची शिबिरे भरतात, पण गालाच्या आतला स्वॅब घेतला, फोटो काढला की काम संपले, असे होऊ नये. एखाद्या रुग्णाशी जुळून बोलावणे आल्यावर चार-पाच दिवस जी-सीएसएफची (मूळपेशी मज्जेतून रक्तात आणणाऱ्या औषधाची) इंजेक्शने, त्याने होणारी अंगदुखी, मग चार-पाच तास यंत्रावर रक्तातून मूळपेशी वेगळ्या करणे, हे आधी सांगायला हवे. नाहीतर ‘हाडाला भोक पाडतात’ या धास्तीने घरचेच अडवतात. तोवर जबर केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट केलेली असेल, तर दात्याचा नकार थेट जिवावर बेततो. स्वॅबच्या आधी पालकांनाही बोलावून अर्धा तास हे समजावावे. नावे निम्मी आली तरी चालतील.

– एक वाचक, खारघर, नवी मुंबई