बाथच्या पाण्याचं छापलं, पेपरचं राहूनच गेलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या बाथ शहरावर लेख आला होता तो वाचला. फोटो झकास होते, रोमन लोकांचं कुंड, रॉयल क्रिसेंटची ती अर्धगोलात उभी तीस घरं, सगळं आलं, फक्त तिथल्या पेपरबद्दल एक ओळ नाही. पेपरवाल्यांनीच पेपरला विसरावं, आता काय बोलावं! म्हणून लिहायला बसलो.

माझा भाचा ब्रिस्टलला नोकरीला आहे, तिथून बाथ रेल्वेनं पाव तासावर. मागच्या वर्षी त्याच्याकडं गेलो तर तो म्हणला मामा चला तुम्हाला इंग्लंडचं उनकेश्वर दाखवतो. उनकेश्वर म्हणजे आमच्याकडचं ऊन पाण्याचं कुंड. आणि खरंच तसंच की हो, ४६ डिग्रीचं पाणी जमिनीतून आपोआप वर येतं, दिवसाला अकरा बारा लाख लिटर. आमची आजी सांगायची शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला तेव्हा रामानं बाण मारून उनकेश्वरचं ऊन पाणी काढलं, तिथंबी हुबेहूब तीच गोष्ट, ब्लाडुड नावाचा राजपुत्र कुष्ठरोग झाला म्हणून डुकरं राखायला लागला, डुकरं गरम चिखलात लोळून बरी झाली मग हाबी लोळला. रामाचा बाण मला जास्त पटतो, ते जाऊ द्या.

पण मी अडकलो ते शिशाच्या पत्र्यांपाशी. रोमन काळात लोक पातळ पत्र्यावर आपलं गाऱ्हाणं खरडून, गुंडाळी करून सुलिस मिनर्वा देवीच्या पाण्यात टाकायचे, असे १३० च्या आसपास पत्रे सापडलेत. एका माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले तर तो म्हणतो चोराची अक्कल अन् डोळे दोन्ही जाऊ देत. दोन हातमोज्यांसाठी एवढं! मला तर हे वाचकांचं पत्रच वाटलं, फक्त संपादकाच्या जागी देवी. त्या पत्र्यामुळं त्याचे हातमोजे आज आपल्याला माहिती आहेत.

मग तिथला पेपर. बाथ क्रॉनिकल, १७६० पासून या नावानं निघतो. म्हणजे आपल्याकडं उदगीरला सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरवलं ते साल, अन् आपला पहिला मराठी पेपर दर्पण निघायला अजून ७२ वर्षं होती. त्या काळात तिथं पाणी प्यायला, पत्ते खेळायला, पोरींची लग्नं जमवायला सगळा श्रीमंत इंग्लंड यायचा आणि पेपरवाले या आठवड्यात गावात कोण कोण उतरलं त्याची यादीच छापायचे. आता हसू येतं पण अडीचशे वर्षांपूर्वी कोण कुठल्या महिन्यात आलं होतं हे आज घरबसल्या कम्प्युटरवर काढता येतं, कारण ते जुने अंक कुणीतरी जपले. तिथंबी सगळं आलबेल नाही बरं का, २००७ ला तो पेपर दैनिकाचा साप्ताहिक झाला. पण अंक तर आहेत ना.

आता आपलं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी शेतातली विहीर गावाला मोकळी केली होती, त्याच्या चार ओळी पेपरात आल्या होत्या, हे लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या उन्हाळ्यात ती बातमी बघावी म्हणून एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथल्या माणसानं मागच्या खोलीतून एक गठ्ठा आणून टेबलावर ठेवला, सुतळी सोडली तर आत कागद कमी न वाळवीची मातीच जास्त, सगळी माझ्या चपलेवर सांडली. बाकीचे कुठंयत विचारलं तर म्हणला रद्दीत दिले, काहून ठेवायचे, जागा नव्हती. अनंत भालेरावांचा मराठवाडा एवढा गाजलेला पेपर, निजामाच्या राज्यात ज्याच्यावर बंदी आली होती, आज आमच्या तालुक्यातल्या पोरानं त्याचा एखादा जुना अंक बघायचा म्हटलं तर त्यानं जायचं कुठं?

आणि त्यात तुम्ही दिवाळीपासून तालुक्याचं पान बंद केलं. अर्ध्या पानावर मोबाईलच्या जाहिराती येतात, त्याला जागा आहे. उनकेश्वरच्या कुंडाला काय झालं, पैनगंगेला पाणी किती आहे हे आता आम्हाला व्हॉट्सॲपवरच कळतं, त्यात खरं किती अन् खोटं किती देव जाणे.

तर साहेब ते पान चालू करा, रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा करा. आणि तुमच्या ऑफिसात जुन्या फायली असतील तर स्कॅन करून नेटवर टाका. माझ्या लोखंडी पेटीत १९८८ ते ९५ ची आमच्या भागातल्या बातम्यांची कात्रणं आहेत, डांबरगोळ्या टाकून ठेवलीत, तुमचा माणूस पाठवा, कधीबी या, दुपारी एक ते तीन सोडून, तेव्हा झोपलेला असतो.

आपला एक जुना वाचक,
ता. किनवट, जि. नांदेड