पिल्लू घरी आणण्याआधी पिंजरा तयार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आईविना उरलेली मांजराची पिल्ले उचलून आणायची, कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे ती स्वतःच्या घरी सांभाळायची, हे काम आता बरीच माणसे मनापासून करू लागली आहेत. मात्र दूध कोणते द्यावे आणि किती वेळाने द्यावे याची जेवढी चौकशी होते, तेवढी ती पिल्ले दिवसरात्र राहणार कुठे याची होत नाही. ‘हिंडू देत की घरभर, कोंडायचे कशाला?’ असे म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही बंद, उबदार आणि धुता येईल अशी जागा आधी तयार नसेल तर पिल्लू घरी आणू नये, असे मी बऱ्याच वर्षांच्या सांभाळानंतर पूर्ण विचाराने म्हणते.

पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. आई जवळ नसेल तर ते मिळेल त्या उबेकडे सरपटत जाते आणि घरातली ऊब नेमकी धोक्याच्या जागी असते: फ्रीजच्या मागे, विजेच्या वायरींच्या गुंत्यात, कपडे धुण्याच्या यंत्रातल्या पांघरुणांत. म्हणून या वयात जागा लहानच हवी. उंच काठाचा एक खोका, त्यात गरम पाण्याची पिशवी कापडात नीट गुंडाळून ठेवलेली, आणि तीही तळाच्या अर्ध्याच भागात, एवढे पुरते. अर्ध्याच भागात अशासाठी की फार उकडू लागले तर पिल्लाला तिथून बाजूला सरकता आले पाहिजे. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवतीची हवा ३० अंश सेल्सियसच्या आसपास असावी लागते, पुढे ती हळूहळू कमी करत न्यायची असते. पिशवी गार झाली की तीच उलट पिल्लाची ऊब शोषून घेते. रात्री उठून ती बदलण्याची तयारी नसेल, तर एवढ्या लहान पिल्लांची जबाबदारी घेऊ नये.

चौथ्या आठवड्यानंतर हे सगळे चित्र पालटते. पिल्ले नीट चालू लागतात, आणखी आठ-दहा दिवसांत जाळीला नखे अडकवून वर चढू लागतात, आणि काल उंच वाटणारा खोक्याचा काठ आज त्यांना पायरीसारखा होतो. येथे वरून झाकण असलेला खराखुरा पिंजरा लागतो. चार-पाच पिल्लांना सुमारे १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद जागा असली की झोपणे, खाणे आणि शौच या तिन्हींना वेगळे कोपरे मिळतात.

जाळीबाबत मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. सुरुवातीला मी कुत्र्यांसाठी मिळणारा तयार पिंजरा वापरला होता. त्याच्या गजांमधले अंतर जेमतेम चार सेंटिमीटर होते आणि ते मला पुरेसे वाटले. एका पहाटे केविलवाण्या ओरडण्याने जाग आली, तेव्हा एका पिल्लाचे डोके दोन गजांच्या बाहेर आणि बाकीचे अंग आत होते. जाताना मागे दुमडलेले कान परत येताना गजांना आडवे लागत होते, आणि ते जितके मागे ओढत होते तितकी मान आवळली जात होती. साबणाच्या पाण्याने मानेभोवतीचे केस भिजवून, एकेक कान बोटाने सपाट दाबून धरत त्याला सोडवायला दहा मिनिटे लागली. मी तेव्हा घरात नसते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. तेव्हापासून मी सव्वा सेंटिमीटर चौकोनांची, सांधे वितळवून जोडलेली जाळीच वापरते. जाळीची कापलेली टोके लाकडी पट्टीखाली दाबून टाकते, आणि दाराला वर एक, खाली एक अशा दोन कड्या लावते. एकच कडी असेल तर मोठी होत चाललेली पिल्ले दाराचा खालचा कोपरा ढकलून फट करतात आणि त्या फटीत पंजा किंवा मान घालतात.

दुसरी गोष्ट तळाची, आणि ती मी फार मोठी किंमत मोजून शिकले. माझा पहिला घरी बनवलेला पिंजरा साध्या प्लायवूडचा होता. त्यातली चार पिल्ले पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या पार्वो या विषाणूच्या आजाराने, आजारी पडली आणि त्यांतले एकच वाचले. मी पिंजरा घासला, फिनाईलने पुसला, उन्हात ठेवला, आणि पाच महिन्यांनी त्यात नवी, लस न झालेली पिल्ले ठेवली. आठवडाभरात त्यांनाही तोच आजार झाला. पशुवैद्यांनी पिंजरा पाहून प्लायवूडच्या फुगलेल्या कडांकडे आणि सांध्यांतल्या मुरलेल्या डागांकडे बोट दाखवले. हा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो आणि नेहमीच्या बऱ्याच जंतुनाशकांना तो दाद देत नाही. शिवाय काळ्या फिनाईलमधले फिनॉल वर्गातले पदार्थ मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत. पिल्लू तळ चाटते, पंजे चाटते, आणि ते विष पोटात जाते. म्हणून तळ आणि खालची एक वीत उंचीची भिंत लॅमिनेटची किंवा अखंड व्हिनायलची असावी आणि सांधे सिलिकॉनने बुजवलेले असावेत. सफाई करताना पिल्ले दुसऱ्या खोलीत न्यावीत. आधी साबणाने मळ व मूत्र पूर्ण धुऊन काढावे, मग सुमारे ५ टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग असे मिश्रण १० मिनिटे ओले राहू द्यावे, आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन सर्व कोरडे करावे. मळ तसाच राहिला तर ब्लीच निकामी ठरते, आणि मूत्रावर ओतले तर त्यातून घातक वायू निघतो. घरात आधीपासून मांजर असेल तर पिंजरा वेगळ्या खोलीत ठेवून निदान दोन आठवडे दोघांची भेट टाळावी.

आतल्या वस्तूंचे थोडक्यात सांगते. शौचाच्या ट्रेचा काठ तीन-चार सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आणि त्यात ओल लागताच गोळा होणारी वाळू नको, कारण लहान पिल्ले ती चाखून पाहतात आणि ती पोटात फुगते. पाण्याचे भांडे उथळ व जड असावे. टॉवेलचे सुटे धागे पिल्लांच्या नखांत आणि पायांभोवती गुंततात, गिळले गेले तर आतडी आवळतात. अंथरायला फ्लीसचे कापड त्यापेक्षा कितीतरी बरे.

पिंजऱ्यात ठेवलेली पिल्ले बुजरी होतात, हा आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसाची सवय करून घेते, आणि त्या काळात त्याला अडगळीच्या खोलीत एकटे टाकले तर ते खरोखरच माणसाला घाबरणारे मांजर होईल. पण तो दोष जाळीचा नाही, आपण न दिलेल्या वेळेचा आहे. पिंजऱ्याजवळ माणसांची बोलणी, भांड्यांचे आवाज, पावलांची जा-ये असावी, आणि दिवसातून चार-पाच वेळा दार उघडून, खोली बंद करून, आपण स्वतः जमिनीवर बसून पिल्लांना खेळू द्यावे. खेळून दमलेली पिल्ले आपल्या पायाने पिंजऱ्यात परततात आणि एकमेकांच्या अंगावर डोकी टेकून झोपी जातात, हे मी रोज पाहते.

पिल्ले सांभाळायला देणाऱ्या संस्थांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी पिल्लू हातात देण्यापूर्वी तयार जागेचे छायाचित्र मागावे, जाळीचे माप विचारावे, आणि त्या पिंजऱ्यात याआधी कोणी आजारी होते का, हेही स्पष्टपणे विचारावे. हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर ती दुसरी पिल्ले माझ्या घरी आली नसती.

आपली नम्र,
एक वाचक