चारही चाकांचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून खूप आनंद झाला. फोक्सवॅगनची सातव्या पिढीची गोल्फ आर घेतलीस, तीही चांगली पळालेली. तीनशे अश्वशक्ती चारही चाकांवर वाटून देणारी गाडी रोजच्या वापरात ठेवायची हे तुझं जुनं स्वप्न मला ठाऊक आहे. तू लिहिलंयस की इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स यांची माहिती कुणीही देतो, पण ऑल-व्हील ड्राइव्हबद्दल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेबद्दल विचारलं की सगळे "त्याला काही करावं लागत नाही" म्हणून विषय संपवतात. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. चांगल्या गाड्यांची ही यंत्रणा या एका वाक्यापायी अकाली निकामी होते. म्हणून आज सविस्तर लिहितो.

तुझ्या गाडीत इंजिन पुढे आडवं बसलेलं आहे. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद आधी पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्सला लागूनच एक छोटा काटकोनी गिअरसंच आहे, तो तीच ताकद वळवून प्रॉपेलर शाफ्टला देतो. शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) अगदी तोंडाशी एका क्लचला भेटतो. हाच तो हॅल्डेक्स कपलिंग. ऑइलमध्ये बुडालेल्या पातळ चकत्यांचा गठ्ठा असतो, एक छोटा विद्युत पंप ऑइलचा दाब तयार करतो, दाबानं पिस्टन सरकतो आणि चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. जितका दाब, तितकी मागच्या चाकांना जाणारी ताकद. हा स्वीडिश कपलिंग 1998 मध्ये ऑडी टीटीमधून रस्त्यावर आला, तुझ्या गाडीत त्याची पाचवी पिढी आहे.

इथे एक गैरसमज आधी दूर करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जाहिरातीत टक्केवारी सांगतात, पुढे इतके, मागे इतके. प्रत्यक्षात क्लच पूर्ण आवळला गेला की तो एकच गोष्ट करतो: पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगानं फिरायला लावतो. मग ताकद तिकडे जाते जिकडे पकड असते. पुढची चाकं बर्फावर आणि मागची कोरड्या डांबरावर असतील, तर जवळजवळ सगळी मागे जाईल. म्हणजे या यंत्रणेचं मूळ काम वेग जुळवण्याचं आहे. आता विचार कर, पुढच्या आणि मागच्या टायरचा घेरच वेगळा असेल तर? सरळ रस्त्यावर, काही घसरत नसतानाही, ते दोन ॲक्सल एका वेगानं फिरूच शकत नाहीत. क्लच त्यांना एकत्र आणू पाहतो, टायर त्यांना वेगळं ठेवतात आणि मधल्या मधे चकत्या घासत राहतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की या यंत्रणेची देखभाल टायरपासून सुरू होते. आकडे मांडून दाखवतो. तुझ्या गाडीला 225/40 आर18 मापाचे टायर असतील तर नव्या टायरचा व्यास साधारण 637 मिलिमीटर, घेर जवळपास बरोबर 2 मीटर. म्हणजे एका किलोमीटरला 500 फेऱ्या. समज, पुढच्या जोडीची नक्षी मागच्यापेक्षा 4 मिलिमीटरनं जास्त झिजली. व्यास 8 मिलिमीटरनं कमी झाला, घेर 25 मिलिमीटरनं. त्याच किलोमीटरला पुढची चाकं 506 फेऱ्या घेणार. सहा फेऱ्यांचा फरक क्षुल्लक वाटेल. पण शंभर किलोमीटरला तो सहाशेच्या वर जातो, आणि प्रॉपेलर शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी वेगानं फिरत असल्यामुळे क्लचपाशी तो आणखी काही पटींनी वाढून पोचतो. हा कागदावरचा हिशेब आहे. रस्त्यावर टायर दबतो, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होतो, पण कल तोच राहतो. एक चप्पल झिजलेली आणि एक नवी घालून मैलोनमैल चाललं तर चपलांना काही होत नाही, गुडघे दुखतात. इथे गुडघ्याच्या जागी हा क्लच आहे.

सुबारूनं तर चारही टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं आहे. नक्षीच्या खोलीत मोजलं तर हा फरक जेमतेम 1 मिलिमीटर भरतो. तुझ्या गाडीचा कपलिंग गरजेप्रमाणे सैल सुटतो, त्यामुळे तो सुबारूच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांतल्या, घट्ट द्रवावर चालणाऱ्या व्हिस्कस कपलिंगपेक्षा थोडं जास्त सहन करतो. तरीही तू तीच शिस्त पाळ. नक्षी मोजायचा गेज घे, प्रत्येक टायर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोज, आकडे वहीत लिही. पुढची जोडी नेहमीच लवकर झिजते, कारण वळवणं, बहुतेक ब्रेकिंग आणि बरीचशी ओढ तिच्याकडेच असते. म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा. गोटा झालेली जोडी पुढे आणि कोरी जोडी मागे, अशी गाडी पळवायची नाही. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे हवेत, कारण बाजूवर तेच माप लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा खरा घेर सारखा निघेलच असं नाही. एक टायर दुरुस्तीपलीकडे फाटला आणि बाकीचे तीन अर्धे झिजलेले असतील, तर एकच नवा घालून भागत नाही. काही ठिकाणी नवा टायर तासून इतरांच्या मापाचा करून देतात. तशी सोय नसेल तर चारही बदल. हा खर्च जिवावर येतो हे मान्य, पण कपलिंग बदलण्याचा खर्च त्याहून बराच मोठा असतो.

हवेचंही तेच. हवा कमी झाली की चाकाचा प्रभावी घेर घटतो आणि ते किंचित जास्त फिरतं. तुझ्या गाडीतला टायरच्या हवेचा इशारा नेमका यावरच चालतो: चाकाच्या आत दाब मोजणारं काही नाही, एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर फेऱ्यांमधला हा फरक पकडतात. कपलिंगला किती आवळायचं हे ठरवणारा संगणकही याच चार सेन्सरांकडे बघतो. त्यामुळे थंड टायरमध्ये दाब बरोबर भरणं आणि भरल्यावर नवी स्थिती गाडीत नोंदवणं, ही दोन मिनिटांची कामं ऑल-व्हील ड्राइव्हचीच सेवा आहेत असं समज.

सगळ्या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे असतात असं मात्र नाही. निसानच्या आर35 जीटी-आरला पुढे 255/40 आणि मागे 285/35 असे वीस इंची टायर यायचे. हिशेब करून बघ, मागचा टायर रुंद असूनही व्यासानं साडेचार मिलिमीटरनं लहान निघतो. कारखान्यानं सारी यंत्रणा त्या गुणोत्तरावर बसवलेली आहे. अशा गाडीत पुढचे-मागचे आपसात बदलताच येत नाहीत, ठरलेलं गुणोत्तर टिकवणं हेच तिथलं काम.

आता ऑइल. इथे सावकाश वाच.

तुझ्या गाडीत या यंत्रणेची तीन वेगवेगळी ऑइलं आहेत: पुढच्या काटकोनी गिअरसंचाचं, मागच्या डिफरन्शियलचं आणि कपलिंगचं. मागचं डिफरन्शियल आणि कपलिंग एकाला एक चिकटून बसलेले दिसतात, म्हणून घाईत काम करणारा चुकीचा बोल्ट खोलतो. डिफरन्शियलला जाड गिअर ऑइल लागतं, कपलिंगला त्याचं स्वतःचं पातळ, खास ऑइल. ते चकत्यांना नेमकी हवी तितकीच पकड देतं, कमी नाही आणि जास्तही नाही. एकाचं दुसऱ्यात गेलं तर चकत्या एक तर घसरतात, नाही तर धक्के देत पकडतात.

कपलिंगमध्ये हे ऑइल लिटरभरही नसतं. एवढ्याशा ऑइलमध्ये चकत्या सतत घासल्या जातात आणि त्यांची भुकटी त्यातच तरंगते. आधीच्या पिढ्यांत ती अडवायला बदलता येणारा फिल्टर होता. पाचव्या पिढीत रचना सुटसुटीत करताना तो फिल्टर काढला, दाब साठवणारा भागही काढला, आणि राहिली फक्त पंपाच्या तोंडावरची बारीक जाळी. पंप या जाळीतून ऑइल ओढतो, म्हणजे सगळा गाळ तिच्यावरच जमत जातो. जाळी तुंबली की पंपाला ऑइल पुरत नाही, तो जास्त जोर लावतो आणि शेवटी जळतो. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये दर तीन वर्षांनी ऑइल बदललं जातं, पण पुष्कळदा जाळीला कुणी हात लावत नाही. जुनं ऑइल वाहून जातं, गाळ जागच्या जागी राहतो. तुझ्या कागदांत "कपलिंग ऑइल बदललं" अशी ओळ आहे म्हणतोस. ती वाचून निर्धास्त होऊ नकोस. पंप काढला होता का, हे त्यात लिहिलेलं नाही.

यातला खरा धोका असा की पंप मेला तरी गाडी छान चालते. पुढची चाकं ओढत राहतात, डॅशबोर्डवर दिवा लागेलच याची खात्री नसते आणि कोरड्या रस्त्यावर शांतपणे चालवणाऱ्याला महिनोनमहिने पत्ता लागत नाही. मग पहिल्या मोठ्या पावसात, वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून जो ढकलणारा हात अपेक्षित असतो, तो येतच नाही. म्हणून तू तपासूनच घे. मोकळ्या, सपाट, खडी पसरलेल्या जागी गाडी सरळ ठेवून जोरात सुटून बघ. पुढची चाकं खडी उडवत फिरली, ट्रॅक्शनचा दिवा फडफडला आणि मागची नुसती मागून घरंगळत आली, तर कपलिंग काम करत नाही. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे गाडीच्या संगणकाला दोष शोधणारं निदान यंत्र जोडून पंप किती विद्युतप्रवाह घेतो ते पाहणं.

काम करवून घेताना तू स्वतः उभा राहा. गाडी लिफ्टवर अगदी समपातळीत हवी, तिरकी असली तर ऑइलची पातळी खोटी दिसते. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच निचऱ्याचा खोलायचा. भरण्याचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला आणि ऑइल आधीच सोडलेलं असलं, तर गाडी तिथेच बसते. ऑइल निथळलं की पंप बाहेर काढायचा. त्याचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या घरात बसलेले असतात, जोर करून तोडू नयेत. जाळी क्लीनरनं धुवायची, टोकदार कशानंही खरवडायची नाही. पंपाच्या रबरी रिंगा नव्याच घालायच्या. बोल्ट टॉर्क रेंचनं, सांगितलेल्या मापालाच आवळायचे. नवं ऑइल भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, निदान यंत्रानं पंप चालवायचा म्हणजे ऑइल आत सगळीकडे पोचतं, आणि मग पुन्हा भरून पातळी पूर्ण करायची. ही शेवटची पायरी गाळली तर कपलिंग कमी ऑइलवर चालत राहतो. डिफरन्शियल आणि पुढच्या गिअरसंचाचं ऑइलही याच वेळी बदलून घे, म्हणजे तिन्हींची तारीख एक राहील. "आयुष्यभराचं ऑइल" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. ट्रॅकवर नेणार असलास, लाँच कंट्रोलचा (उभ्या गाडीतून पूर्ण जोरात सुटण्याच्या सोयीचा) वापर करणार असलास, तर तीन वर्षं थांबूच नकोस, दरवर्षी कर. उष्णता वाढली की ऑइल फार लवकर थकतं.

सगळ्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही. ज्या ऑडींमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं, त्यांतल्या अनेकींत मधे टॉर्सेन डिफरन्शियल असतं, निव्वळ गिअरचं काम, क्लचच नाही. त्याला चांगलं गिअर ऑइल आणि सारखे टायर पुरतात. बीएमडब्ल्यूच्या लांबीच्या दिशेनं इंजिन असलेल्या गाड्यांतल्या एक्सड्राइव्ह या चारचाकी यंत्रणेत क्लच ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत असतो; तिथे टायर विजोड झाले की हळू वेगात, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर गाडी हिसके देते, आणि ऑइल बदलल्यावर संगणकातली ऑइल झिजल्याची नोंदही पुसावी लागते. 1980 ची पहिली ऑडी क्वाट्रो तर याहून साधी होती: मधे एक साधं डिफरन्शियल, ते लॉक करायची सोय चालकाच्या हाती, आणि गिअरबॉक्सच्या आतून जाणारा पोकळ शाफ्ट, ज्यामुळे पुढे ताकद न्यायला वेगळा जडशीळ ट्रान्सफर केस लागलाच नाही. त्या पोकळ शाफ्टची कल्पना मला आजही थक्क करते.

बाकी किरकोळ. लिफ्टवर गाडी चढली आहेच तर शाफ्टचं मधलं बेअरिंग हलवून बघ, रबरी जोडाला चिरा नाहीत ना आणि ॲक्सलच्या रबरी टोप्या फाटून ग्रीस उडालेलं नाही ना तेही बघ. गाडी बंद पडली तर फक्त चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवरूनच न्यायची, दोन चाकं उचलून ओढू द्यायची नाही. ताकद मोजायची असेल तर चारही चाकं फिरवणाऱ्या डायनोवरच (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावरच).

पंप काढलास की जाळीचा आणि निघालेल्या ऑइलचा फोटो मला लगेच पाठव. राखाडी, बोटाला मऊ लागणारा चिखल असेल तर ती चकत्यांची नेहमीची झीज आहे, धुऊन पुढे जा. पण उजेडात चमकणारे धातूचे कण किंवा कपचे दिसले, तर कुठलं तरी बेअरिंग किंवा गिअर सुटायला लागला आहे. मग ऑइल भरून गाडी बाहेर काढू नकोस, आधी मला फोन कर. चारही टायरच्या नक्षीचे आकडेही सोबत लिही, आतले-मधले-बाहेरचे वेगवेगळे.

तुझा मित्र