रेकॉर्ड रूमपर्यंत माहिती पोचायला हवी

'आभा' कार्डावरची (पेशंटचे रिपोर्ट एका नंबराशी जोडणारं सरकारी डिजिटल आरोग्य कार्ड) तुमच्या पेपरातली बातमी वाचली, चांगली आहे, पण त्यात डॉक्टर आले, कॉम्प्युटर आले, रेकॉर्ड रूममधला माणूस मात्र कुठंच नाही. १४ आकडी आभा नंबर पेशंटच्या केसपेपरशी बरोबर जोडणं, आजाराचा कोड टाकणं हे काम आम्हीच करतो. सोलापुरात तर धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीपासून पेशंट येतात, एकाच माणसाचं नाव मराठी, कन्नड, तेलुगू वळणानं तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं, तिथं चूक झाली तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो आणि विमाही अडकतो.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यानं हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट आणि क्लिनिकल कोडिंगवाल्यांना, म्हणजे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या आणि आजारांचे कोड टाकणाऱ्या आमच्यासारख्यांना, आरोग्य व्यावसायिक म्हणून यादीत घेतलं, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडची नवी यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली, पण इथल्या छोट्या हॉस्पिटलातल्या किती जणांना हे नीट कुणी सांगितलंय? आमच्या व्यवसायाच्या संघटनांनी नोंदणी, नवे कोड, ट्रेनिंग यांचे अपडेट मराठीतून, जिल्ह्यापर्यंत आणि वेळेवर पाठवावेत, फक्त मेंबर झालेल्यांनाच नको, आणि तुम्हीही त्याला थोडी जागा द्यावी ही मनापासून विनंती.

– एक मेडिकल रेकॉर्ड कर्मचारी, सोलापूर