गुहागरच्या घराच्या दुरुस्तीविषयी

चिपळूण

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला नकाशा आणि त्यासोबतची रंगीत चित्रे मी नीट पाहिली. चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. ओटीवर आरशासारख्या पांढऱ्या फरश्या, माजघरात फॉल्स सीलिंग आणि त्यात लपवलेले दिवे, भिंतींना पुट्टी व फिकट राखाडी रंग, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक आणि मागच्या नारळ-सुपारीच्या आगराच्या जागी हिरवळ. हेच घर पुण्यात बाणेरला असते तर मी मध्ये एक शब्द बोललो नसतो. पण ते गुहागरात आहे, समुद्राच्या वाऱ्यात उभे आहे, आणि ज्याने ही चित्रे काढली त्याने ते जुलै महिन्यात पाहिलेले नाही, हे उघड दिसते. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. म्हणून या घराबाबत माझा पहिला प्रश्न रंगाचा किंवा फर्निचरचा नसून पाण्याचा आहे: ते कुठून येते, कुठे मुरते आणि कुठून बाहेर पडते. त्याचे उत्तर मिळाले की आतल्या सजावटीचे निम्मे निर्णय आपोआप होतात, असा या भागातल्या जुन्या घरांची कामे करताना मला आलेला अनुभव आहे.

छपरापासून सुरुवात करू. तुमच्या घरावर मंगळुरी कौले आहेत. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यावर ही एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि हळूहळू जुन्या अर्धगोल नळ्यांची जागा त्यांनी घेतली. कौल स्वतः क्वचितच खराब होते. खराब होतात त्याखालचे रीप आणि वाशांची भिंतीवर टेकणारी टोके. तेव्हा सगळी कौले उतरवून, शेवाळ घासून, धुऊन, वाजवून पाहावीत; जे खणखणीत वाजते ते परत चढवावे, बद्द वाजते ते बाजूला काढावे. वासे टोचणीने टोचून पाहिल्याशिवाय एकही बदलू नये, कारण सुतार सरसकट बदला म्हणतो आणि आपण मान डोलावतो. आढे आणि तुळया मी दिवाळीत माळ्यावर चढून पाहिल्या आहेत. तुझ्या आजोबांनी घातलेले ते लाकूड आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल.

माकडांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी झटकून टाकणार नाही. गावागावांत लोकांनी कौले उतरवून निळे-लाल पत्रे घातले, त्याला हौसेपेक्षा माकडांचा उपद्रव जास्त कारणीभूत आहे, आणि वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या घराची फुटकी कौले वेळेवर बदलणार कोण? यावर एक मधला मार्ग इकडे रूढ झाला आहे: वाशांवर आधी पत्रा, त्यावर रीप आणि त्यावर कौले. कौल फुटले तरी पाणी आत येत नाही, पत्रा उन्हात थेट तापत नाही आणि पावसाचा ताशा डोक्यावर वाजत नाही. खर्च वाढतो, हे खरे. पण तुम्ही पुण्यात राहणार असाल तर हा खर्च फॉल्स सीलिंगवरच्या खर्चापेक्षा शहाणपणाचा आहे. उतरत्या छपराखाली जिप्समचे सपाट छत ठोकले की वरची गरम, दमट हवा कोंडते, त्या बंद पोकळीत उंदीर आणि उदमांजर सुखाने नांदतात, आणि गळती नेमकी कुठे आहे हे छताला पिवळा डाग पडेपर्यंत कळत नाही. माजघरावरचा लाकडी माळा तुमच्याकडे आहेच. त्याच्या फळ्या घासून तेलपाणी कर आणि दिवे तुळयांना उघडे लटकू दे.

माजघर काळोखे आहे, ही वहिनींची तक्रार योग्य आहे. मात्र त्यासाठी भिंत फोडून मोठी काचेची खिडकी करण्याची गरज नाही. काचेची कौले मिळतात. उत्तरेच्या पाख्यावर तीन-चार बसव आणि त्यांच्या खाली माळ्याच्या फळ्यांत तेवढीच जागा मोकळी ठेव. दिवसभर मऊ उजेड येईल. घराच्या पागोळ्या खाली उतरलेल्या आणि पडवी खोल असते ती ऊन आणि तिरपा पाऊस भिंतीपर्यंत पोहोचू नये म्हणून; चित्रातल्याप्रमाणे पडवी बंद करून तिची खोली केली, तर भिंत उघडी पडेल आणि घरातली सर्वांत चांगली बसायची जागाही जाईल. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून उजेड गाळून येतो, चटका येत नाही. तसे शिंपले आता सहज मिळत नाहीत, पण खडबडीत काच जुन्या चौकटीत बसवून तोच परिणाम बऱ्यापैकी साधता येतो.

आता भिंती. या विषयावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. तुमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. फ्रान्सिस बुकानन या वैद्य-निरीक्षकाने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात मलबारातल्या या दगडाचे वर्णन केले आहे: खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की विटेसारखा कठीण होतो. पण कठीण झाला तरी तो सच्छिद्रच राहतो. जमिनीतले पाणी जोत्यातून वर चढते, भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढचे आठ महिने ती हळूहळू बाहेर सोडते. जुना चुन्याचा गिलावा ही बाष्पाची ये-जा चालू ठेवतो. त्यावर सिमेंटचा गिलावा, मग पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत अडकते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात, आणि दोन पावसाळ्यांत कमरेपर्यंतची भिंत पापुद्रे सोडू लागते. मग कंत्राटदार वॉटरप्रूफिंगचे नवे रसायन सुचवतो. ओल मात्र नवी वाट शोधून आणखी वरून बाहेर पडते.

त्यामुळे आतून-बाहेरून चुन्याचाच गिलावा कर. चुना किमान काही आठवडे पाण्याखाली भिजत ठेवावा लागतो आणि गिलावा हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, म्हणून पातळ थर, प्रत्येक थरामध्ये अंतर आणि रोज पाण्याचा हबका, एवढी शिस्त पाळावी लागते. चुन्याचे काम करणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत, पण आहेत. एकदोघांशी मी बोलून ठेवतो. वरचा हात घोटून घेतला तर त्याला जी मंद झळाळी येते ती कोणत्याही डब्यातल्या रंगाला येत नाही. रंग हवाच असेल तर चुन्यात गेरू किंवा पिवळी माती घाल. ओटीच्या भिंतीला फिका गेरू सुरेख दिसेल.

हल्ली चिरे उघडे ठेवून त्यांवर पारदर्शक लेप मारण्याची फॅशन आहे. बाहेरून ते छान दिसते. आतमध्ये मात्र जांभा उजेड खाऊन टाकतो, आणि चिऱ्यांमधल्या मातीच्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, भुकटी गळत राहते. फारच मन झाले तर जिन्याजवळची एक भिंत उघडी ठेव आणि तिच्या दर्जा चुन्याने भरून घे, पण लेप लावू नकोस.

जमिनीबद्दल. शेणाने सारवलेली ओटी मलाही आवडते, परंतु ती आठवड्याला हात मागते आणि तुम्ही महिन्यातून एकदा येणार. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर पावसाळ्यात ओल्या पायांनी काकू घसरल्या, तर सजावटीचा सगळा आनंद तिथेच संपेल. माझी शिफारस लाल कोब्याची आहे: खाली दगडगोट्यांचा थर, त्यावर वाळू, मग काँक्रीट आणि शेवटी लाल ऑक्साइड घालून घोटलेला सिमेंटचा हात. मोठ्या खोलीत चार-चार फुटांवर पट्ट्या टाकून चौकोन पाड, म्हणजे तडे जायचेच असतील तर ते पट्टीच्या रेषेतून जातील. दगडगोट्यांचा थर टाळू नकोस, कारण खालची ओल तिथेच अडते. स्वयंपाकघराचा ओटा कडप्प्याचा पुरे. बेटासारखा मधला ओटा चित्रातच राहू दे, कारण त्या खोलीत केळीच्या पानांची पंगत बसते आणि तुमच्याकडे गणपतीला किती माणसे जमतात हे मी पाहिले आहे.

काकूंसाठी घरातच न्हाणीघर आणि संडास हवा, याबद्दल दुमत नाही. फक्त तो माजघराच्या पोटात नको. नळांसाठी जांभ्याच्या भिंतीत झिऱ्या मारल्या की भिंत कमकुवत होते आणि गळती कायमची आत जाते. मागच्या पडवीच्या टोकाला स्वतंत्र भिंतींची, स्वतंत्र उताराची छोटी खोली बांध आणि काकूंच्या खोलीतून तिथे दार काढ. उंबरा ठेवू नकोस, दार रुंद ठेव, हाताला धरायला दांडी लाव. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या बाजूला घे. जांभ्यातून पाणी फार वेगाने वाहते, आणि तुम्ही अजून त्याच विहिरीचे पाणी पिता. विजेच्या तारा भिंतीत न गाडता बाहेरून पाइपातून नीट रेषेत ने. बिजागऱ्या आणि कड्या पितळी किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घे, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड काही वर्षांत भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटते.

आता बाहेर. खळ्यात पेव्हर ब्लॉक घातले की एप्रिलमध्ये तिथे अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि जुलैमध्ये सगळे पाणी जोत्याकडे धावते. त्याऐवजी जांभ्याचे चिरे वाळूत मोकळ्या सांध्यांनी बसव आणि उतार घराकडून गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीकडे, ठेव. पागोळ्यांचे पाणी जिथे पडते तिथे दीड फूट रुंद चर खणून त्यात गोटे भर, म्हणजे मातीचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. तोच चर पुढे विहिरीजवळच्या जिरवण-खड्ड्याकडे वळव. हिशोब सोपा आहे: हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरहून थोडे जास्तच पाणी. एवढे पाणी समुद्राला देऊन मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या वाड्या मी ओळखतो. गडगाही तसाच कोरड्या दगडांचा राहू दे. सिमेंटच्या कंपाउंडने त्याची जागा घेतली की वरून येणारे पाणी अडते आणि एखाद्या रात्री कंपाउंडच झोपते.

हिरवळीबद्दल मला हसू आले, रागावू नकोस. जिथे नारळ-सुपारीचे आगर आहे तिथे ते मोडून गवत लावायचे, त्याला मार्चपासून रोज पाणी घालायचे आणि पावसाळ्यात त्याचा चिखल पाहायचा, हा व्यवहार मला कळला नाही. आगर हीच बाग आहे. तिला फक्त वाट, बसायला जागा आणि थोडी साफसफाई हवी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ नावाने जी पद्धत रुजवली आहे ती तुला तंतोतंत लागू पडते: नारळाच्या सावलीत जायफळ आणि दालचिनी, नारळाच्या खोडावर मिरवेल. नारळ पंचवीस फुटांवर असतील तर मध्ये भरपूर जागा असते. जायफळात नर आणि मादी झाडे निराळी असतात, त्यामुळे बी रुजवून नशीब पाहण्यापेक्षा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून कलमेच आण. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ, अळू आणि केळी लाव. ती पाणी पितात, डबके होऊ देत नाहीत, आणि अळूचे फदफदे आयते मिळते.

फुलांत वहिनींनी यादी मागितली होती. ओटीसमोर अनंत आणि तगर, विहिरीकडे सोनटक्का, वाटेच्या कडेने अबोली, आणि जागा असेल तर गडग्याजवळ एक सुरंगी. सुरंगी वाढायला फार वर्षे घेते. तिला फुले येतील तेव्हा तुझी नात गजरा करायच्या वयाची असेल. छपरावर झुकणारा तो एक माड मात्र काढावाच लागेल. त्याचा एक नारळ कौलावर पडला की किती कौले जातात हे तुला ठाऊक आहे. वडाच्या किंवा पिंपळाच्या रोपट्याने जोत्यात मूळ धरले असेल तर तेही आताच उपट.

कामाचा क्रम सांगतो. कौले कोजागिरीनंतरच उतरवायची आणि मार्चच्या आत परत चढवायची. छप्पर पुरे झाल्यावर आतला गिलावा, मग जमीन, मग वायरिंगची तोंडे, सुतारकाम सर्वांत शेवटी. शिमग्याच्या दिवसांत गावात एकही माणूस कामावर येणार नाही, तेव्हा त्या पंधरवड्याची मजुरी हिशोबात धरू नकोस. बाहेरचा गिलावा पहिल्या वर्षी होत नसेल तर खुशाल पुढच्या वर्षावर टाक. छप्पर, जिरवण-चर आणि काकूंची न्हाणी एवढे या हंगामात झाले तरी बस्स. पडदे, सोफा आणि भिंतीवरचे दिवे यांचा एकही रुपया एक पावसाळा जाऊन भिंतींची ओल पाहिल्याखेरीज खर्च करू नकोस.

येत्या महिन्यात दोन दिवस सवड काढ. सुताराला मी बोलावून ठेवतो. वासे तुझ्यासमोर टोचून पाहू आणि लाकडाचे माप तिथेच लिहून घेऊ. येताना जुन्या घराचा सात-बारा आणि घरपट्टीची पावती आण, कारण नव्या न्हाणीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागेल. काकूंना माझा नमस्कार सांग आणि न्हाणीतली दांडी किती उंचीवर हवी ते त्यांना उभे करून मोजून कळव.

तुझा,
विनायक